जिरे, मिरची, आंबेमोहोर

भाऊंच्या कॅसेटींवर माणसांची नावं नव्हती, मालाची होती. 'जिरे, उंझा.' 'मिरची, गुंटूर.' 'नारळ, तिपटूर.' 'हळद, निजामाबाद.' 'आंबेमोहोर.' त्याखाली तारीख आणि उजव्या कोपऱ्यात ट्रकचा नंबर. अक्षर खतावणीतलं, शाईच्या पेनाचं. परक्या माणसाने तो पत्र्याचा डबा उघडला असता, तर बाजारातल्या मालाची यादी कुणीतरी जपून ठेवलीय असंच त्याला वाटलं असतं. आत गाणी होती.

भाऊ म्हणजे माझे वडील. मार्केट यार्डात भुसार विभागातल्या एका पेढीवर ते दिवाणजी होते. पेढी मूळची भवानी पेठेतली. बाजार पेठांमधून गुलटेकडीला हलला तशी पेढी हलली आणि पेढीच्या मागोमाग आम्ही महर्षीनगरला राहायला आलो. भाऊ चालत जायचे, चालत यायचे. उन्हाळ्यात त्यांच्या सदऱ्याला मिरची-हळदीचा वास यायचा, दिवाळीनंतर गुळाचा आणि नव्या तांदळाचा, आणि बारदानाचा बारा महिने. आई तो सदरा बाकीच्या कपड्यांत मिसळू द्यायची नाही. मिरचीच्या दिवसांत तर बादलीच वेगळी.

परगावची गाडी यार्डात शिरली की लगेच खाली होते, असं नसतं. हमालांची टोळी दुसऱ्या गाळ्यावर अडकलेली असते, गोडाऊनमध्ये थप्पीला जागा नसते, ऐन वेळी पाऊस येतो, नाहीतर बिल्टीत आणि मालात दोन पोत्यांचा फरक निघतो. मग ड्रायव्हर आणि क्लीनर रात्रभर तिथेच. गाडीच्या सावलीत स्टोव्ह पेटायचा, डाळ-भात शिजायचा, जेवून झालं की सतरंजी पसरली जायची. भाषा येत नाही, गावात कुणी ओळखीचं नाही, झोप लागत नाही. अशा वेळी माणूस गातो. पेढीच्या मालकांच्या भाच्याने दुबईहून आणलेला नॅशनल पॅनासॉनिकचा टेपरेकॉर्डर तेव्हा पेढीवर येऊन पडला होता. भाच्याचा सोस दोन-तीन महिन्यांत फिटला आणि त्याचा ताबा भाऊंकडे आला. हे सगळं ऐंशीच्या दशकातलं.

"तुम्ही हे का करत होता?" असं मी मोठी झाल्यावर एकदा विचारलं होतं. मला वाटलं होतं, काहीतरी खोल ऐकायला मिळेल. भाऊ म्हणाले, "गाडी खाली झाल्याशिवाय घरी येता येत नव्हतं. बसल्या बसल्या काय करायचं?"

खरं म्हणजे त्या काळात बसल्या बसल्या हे काम करायला लागलेले लोक जगभर होते. फिलिप्स कंपनीने 1963 मध्ये ही छोटी कॅसेट बाजारात आणली ती मुळात टिपणं सांगून ठेवायला. गाणं तिच्या गळ्यात मागाहून पडलं. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात ती गल्लोगल्ली पोचली आणि रेकॉर्ड काढणं ही बड्या कंपनीचीच मक्तेदारी राहिली नाही. जेजुरीच्या पायथ्याशी, आळंदीला, स्वारगेटच्या स्टँडवर वाघ्या-मुरळीची गाणी, भारुडं, भीमगीतं दहा-पंधरा रुपयांना मिळायला लागली. प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांचे आवाज त्या कॅसेटींतून रिक्षात, सलूनमध्ये, जत्रेत घुमले. पण त्यासाठी कुणीतरी कंपनी काढावी लागायची, गायकाला मुंबईला न्यावं लागायचं. गुंटूरहून मिरची घेऊन आलेल्या ड्रायव्हरला कोण नेणार?

रविवारी भुसार बाजाराला सुटी. सकाळी चहा झाला की भाऊ डबा काढायचे आणि आम्ही दोघी बहिणी ऐकायला बसायचो. मला त्यातल्या कुठल्याही भाषेतलं एक अक्षर कळत नव्हतं. जिऱ्याच्या गाडीवरचा माणूस उत्तर गुजरातचा की राजस्थानच्या हद्दीतला, कुणास ठाऊक. तो उंच स्वरात सुरुवात करायचा आणि डिझेलच्या रिकाम्या डब्यावर बोटांनी ठेका धरायचा. ओळीच्या शेवटी आवाज असा काही वळवायचा, की ओळ संपली असं वाटावं आणि ती संपू नये. तिपटूरचा नारळवाला संथ, बसक्या आवाजाचा. त्याचं गाणं म्हणजे बहुधा लांबलचक कथा असावी, कारण मधूनच त्याचा क्लीनर हसायचा आणि मग तोही. मिरचीच्या कॅसेटींवर सारखा ठसका. गाणारा खोकतो, ऐकणारे शिंकतात, पुन्हा गाणं सुरू. आंबेमोहोर ही खूण मात्र बाहेरगावच्या गाडीची नव्हती. मावळ-मुळशीचा, वेल्ह्याचा तांदूळ यायचा त्या दिवसांत तिकडचेच हमाल रात्री उशिरा गाळ्याच्या ओट्यावर टाळ घेऊन बसायचे, ती ही भजनं. गवळण, मधेच एखादी धनगरी ओवी, आणि रात्र चढली की भाऊ आम्हाला ऐकवायचे नाहीत अशी काही.

त्या टेपरेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळायची सोय होती. मोठा आवाज आला की मशीन स्वतःला आवरतं. शांतता झाली की दूरचं काही ऐकू येतंय का म्हणून कान टवकारतं. त्यामुळे गाणारा ओळ संपवून श्वास घ्यायला थांबला, की त्या दोन-तीन सेकंदांत अख्खं मार्केट यार्ड उसळून वर येतं. शटर ओढल्याचा खडखडाट, टेम्पोचा भोंगा, कुत्री, "ए, आकडा दे रे इकडं" अशी हाक, थप्पीवर पोतं पडल्याचा धप्प आवाज. पुढची ओळ सुरू झाली की हे सगळं एकदम खाली दबतं. लहानपणी मला वाटायचं, गाण्यातच तसं आहे.

कॅसेटी विकत आणायला पैसे लागत. पेढीकडून मागणं भाऊंच्या स्वभावात नव्हतं. मग घरातल्या जुन्या कॅसेटी कामाला आल्या. विकतच्या कॅसेटच्या मागच्या बाजूला एक खाच असते, तिच्यावर चिकटपट्टी लावली की त्या कॅसेटवर पुन्हा भरता येतं. आईच्या माहेरून आलेला भावगीतांचा संच असा एकेक करून हळदीत, नारळात आणि मिरचीत गेला. तिने कधी आदळआपट केली नाही. पण निजामाबादच्या गाडीवरचं गाणं संपलं, बटण दाबल्याचा खट्ट आवाज झाला, की मागचं बुजून गेलेलं भावगीत शेवटच्या कडव्याच्या मधल्याच शब्दापासून अचानक सुरू व्हायचं. त्या वेळी आई हातातलं काम ठेवून दारात येऊन उभी राहायची.

भाऊ गेल्यावर ती फक्त ती शेपटं ऐकते. "गाडीवाल्यांचं पुढं ढकल," असं मला सांगते.

मला मात्र भाऊ ऐकायचे होते. ते गेल्यानंतर पहिल्या वर्षी मी सगळ्या कॅसेटी त्यासाठीच लावल्या. कुठेतरी "हं, म्हणा आता" असं म्हणाले असतील, कुठेतरी खोकले असतील, निदान गाडी नंबर विचारला असेल. काहीच नाही. आई म्हणाली, "ते हाताने खूण करायचे. आपण बोललो तर गाणाऱ्याचं लक्ष उडतं, असं त्यांचं होतं." थांबवतानाही खूणच. इतक्या माणसांचे आवाज भरले आणि स्वतःचा एक हुंकार ठेवला नाही. माझ्या लग्नाच्या व्हिडिओतही ते अक्षता वाटताना दिसतात, बोलताना नाहीत.

नावं का लिहिली नाहीत, याचं उत्तर मला बिल्टीत सापडलं. बिल्टीवर माल पाठवणारा असतो, घेणारा असतो, पोत्यांची संख्या, वजन, भाडं, गाडीचा नंबर असतो. भाऊंचं सगळं आयुष्य त्या कागदावर गेलं. माणूस ओळखायचा तो मालावरून आणि गावावरून, "उंझावाला आला का?" असं विचारलं की सगळ्यांना कळायचं. त्यात तुच्छता नव्हती. भाऊंना त्या ड्रायव्हरांच्या घरचं सगळं ठाऊक असायचं, कुणाची मुलगी उजवायची आहे आणि कुणाच्या भावाने जमीन दाबली आहे. फक्त ते कॅसेटच्या कागदावर आलं नाही.

यात भाऊ एकटे नाहीत, हे पुढे कळलं तेव्हा बरं वाटलं आणि वाईटही. 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर याने सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. पृथ्वीवरचं सुमारे दीड तासाचं संगीत तिच्यात भरलं आहे. आपल्याला त्यातल्या केसरबाई केरकर ठाऊक असतात. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई, रेकॉर्डिंगला सहसा तयार न होणाऱ्या, आणि त्यांचीच भैरवीतली साडेतीन मिनिटं सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागली. ती सुचवली रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन संगीत-अभ्यासकाने. व्हॉयेजर 1 हे यान 5 सप्टेंबरला उडालं आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. यादीत त्यांचं नाव ठसठशीत आहे. बल्गेरियातल्या पहाडी गाण्यापुढे व्हाल्या बाल्कान्स्का हे गायिकेचं नाव आहे. पण त्याच यादीत पेरू देशातलं लग्नाचं गाणं आहे, 38 सेकंदांचं; त्यापुढे नाव आहे ते जॉन कोहेन यांचं, ज्यांनी ते ध्वनिमुद्रित केलं. तेव्हाच्या झाईरमधल्या पिग्मी मुलींचं 56 सेकंदांचं गाणं आहे. नाव कॉलिन टर्नबुल यांचं, तेही ध्वनिमुद्रण करणारे. गाणाऱ्या मुली बिनानावाच्या निघून गेल्या. म्हणजे उंझाचं जिरंच ते. फरक इतकाच, की आमच्याकडे भरणाऱ्याचंही नाव नाही.

याहून अस्वस्थ करणारी हकीकत अफुनाक्वा या बाईची आहे. सॉलोमन बेटांपैकी मलाइता बेटावर ती राहायची. ह्यूगो झेम्प या अभ्यासकाने 1970 च्या सुमारास तिचं एक अंगाईगीत भरून घेतलं, ते युनेस्कोच्या संग्रहात रेकॉर्डवर आलं. झेम्पने नाव, गाव, भाषा, अर्थ सगळं नीट लिहिलं होतं. 1992 मध्ये डीप फॉरेस्ट या फ्रेंच जोडीने तो आवाज उचलून त्याखाली नाचाचा ठेका घातला. गाणं जगभर वाजलं, अल्बम लाखांनी खपला, जाहिरातींत आलं. अफुनाक्वाला कुणी विचारलं नाही. पुढे यान गार्बारेक या नॉर्वेच्या वादकाने तीच चाल वाजवली आणि ती मध्य आफ्रिकेतली समजून तिला पिग्मी अंगाई असं नाव दिलं. प्रशांत महासागरातली बाई आफ्रिकेच्या जंगलात नेऊन ठेवली. स्टीव्हन फेल्ड यांनी हे सगळं प्रकरण सविस्तर लिहून ठेवलं आहे. मूळ गाण्यात आई-वडील गेलेल्या लहानग्याची समजूत काढली जाते: रडू नकोस, आता आपल्याला उचलून घ्यायला ते येणार नाहीत. त्यावर लोक नाचले.

मला ही हकीकत माहीत नव्हती तेव्हाची गोष्ट. ओळखीतला एक तरुण, संगीत करणारा, भाऊंच्या मिरचीवाल्याचा आवाज ऐकून वेडा झाला. "मावशी, या आवाजाखाली मी असं काही करतो की बघाच." त्याने घरीच नमुना करून आणला. चांगला झाला होता, खोटं का बोलू. पण त्याने ठसके काढून टाकले होते, आणि श्वासांच्या जागी वर येणारं मार्केट यार्डही. मिरचीवाला एका निळ्या, स्वच्छ पोकळीत गात होता. मी म्हटलं, त्याला विचारायला हवं. मुलगा म्हणाला, "कुणाला? नावच नाही." त्याचं उत्तर बरोबर होतं आणि म्हणूनच मी नाही म्हटलं. तो अजून थोडा रुसलेला आहे.

नाव लिहिणं म्हणजे काय असतं ते पुण्यातच झालेल्या एका कामात बघायला मिळतं. हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन इथलेच झालेले गी प्वातवाँ यांनी 1987 पासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. सुरुवात मुळशी-मावळच्या डोंगरातल्या, गरीब डोंगरी संघटनेतल्या बायकांपासून. करता करता हजारभर गावं झाली आणि लाखाच्या वर ओव्या. नव्वदच्या दशकात बर्नार बेल यांनी त्यातल्या कितीतरी आवाजात उतरवून घेतल्या. 2017 पासून हा खजिना 'पारी' या संस्थेने लोकांपुढे आणला. प्रत्येक ओवीखाली बाईचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, वय, मुलं किती, काम काय, कोणत्या तारखेला गायली. परभणीकडच्या ताडकळसच्या गंगूबाई आंबोरे यांचा आवाज मी तिथेच ऐकला. इतका भरलेला आवाज, की पहिल्यांदा ऐकताना मी मजकूर वाचायचाच विसरले. आवाजाखाली नाव आहे म्हणून तो अधिक सुंदर लागतो असं नाही. पण पुढे कुणी त्याच्याखाली ठेका घालायला निघाला, तर त्याला कुणाच्या दारात जायचं ते कळतं.

माझी आजी, भाऊंची आई, मुळशीतलीच. तिच्या ओव्या मला आठवतात त्या गुणगुणण्याच्या पातळीवर, शब्द हरवलेले. तिचा आवाज भाऊंच्या एकाही फितीवर नाही. गुंटूरचा ड्रायव्हर पाहुणा, त्याचं गाणं भरून घ्यायचं. आई काय, घरातच आहे. त्या संग्रहात मी आजीच्या गावाच्या आसपासची गावं शोधली. तिच्या बरोबरीच्या बायका सापडल्या, एक तर बहुधा तिची नात्यातली जाऊ असावी. आजी त्याआधीच गेली होती.

एक गोष्ट मात्र सांगून टाकते. हे सगळं गेलं म्हणून हळहळणारे लोक मला भेटतात आणि त्यांचं मला पटत नाही. जातं सुटलं तेव्हा माझ्या आजीने पिठाच्या गिरणीला मनातून नमस्कार केला होता. पहाटे तीनला उठणं वाचलं. शंभर किलोचं पोतं पाठीवरून पन्नासावर यायला हमालांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, 1969 चा माथाडी कायदा आला, हमालांसाठी 'कष्टाची भाकर' ही स्वस्त जेवणाची सोय सुरू झाली, तेव्हा कुठे या माणसांना पाठ असते हे बाजाराच्या लक्षात आलं. गाणं टिकावं म्हणून कुणाची पाठ मोडावी असं ज्याला वाटतं, त्याने आधी एक पोतं उचलून दाखवावं. आता गाड्या लवकर खाली होतात, ड्रायव्हरच्या हातात मोबाइल असतो, रात्री तो बायकोशी बोलतो. गाण्यापेक्षा ते बरं, असंच मला वाटतं. आणि तरी जिऱ्याच्या कॅसेटीसाठी जीव तुटतो.

कारण जिऱ्याच्या कॅसेटी गेल्या. घराला रंग काढला तेव्हा अर्ध्याअधिक कॅसेटी एका ट्रंकेत घालून अरण्येश्वरला आत्याकडे ठेवल्या होत्या. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला. त्या रात्री माणसं वाहून गेली, भिंती कोसळल्या. त्यापुढे ट्रंक म्हणजे काहीच नाही. आत्या शेजारच्यांच्या गच्चीवर बसून वाचली. चार दिवसांनी चिखल उपसला तेव्हा ट्रंक मिळाली, आत राखाडी लगदा. शाई आधी गेली होती. कुठली जिऱ्याची, कुठली गुळाची, हेही सांगता येत नव्हतं. आत्या सारखी म्हणत होती, "भाऊचं सगळं गेलं गं माझ्याकडनं." मी तिला सांगितलं की बरंच माझ्याकडे आहे. होतंही. पण तो डिझेलच्या डब्यावरचा ठेका नव्हता. तो मी आता टेबलावर वाजवून बघते आणि दर वेळी चुकते, कुठे चुकते ते कळतं, बरोबर काय ते आठवत नाही.

उरलेल्या कॅसेटींना पावसाळ्यांनी पांढरी बुरशी धरली होती. तपकीर गल्लीत एक म्हातारे दुरुस्तीवाले आहेत. त्यांनी एकेका कॅसेटचे पाच स्क्रू काढले, फितीची दोन्ही चाकं उचलून नव्या डबीत बसवली, निखळलेला फेल्टचा तुकडा चिमट्याने चिकटवला, हेड स्पिरिटने पुसलं. मग पेचकसाने हेडचा बारीक स्क्रू इकडे-तिकडे फिरवत राहिले. भाऊंच्या मशीनचं हेड थोडं तिरकं होतं, त्याच तिरकेपणाने ऐकलं तरच आवाज उघडतो, असं त्यांनी सांगितलं. आवाज उघडला तेव्हा ते म्हणाले, "तेलुगू आहे. पण आपली तेलुगू नाही, तिकडची." मग मुलाकडून सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं.

आता पुढचं. आर्नल्ड बाके नावाच्या डच अभ्यासकाने 1938 मध्ये दक्षिण भारतात गाणी भरून घेतली होती. त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, 1984 मध्ये, नझीर जैराजभॉय आणि एमी कॅटलिन ती जुनी ध्वनिमुद्रणं घेऊन त्याच गावांमध्ये परत गेले. कोण गात होतं, कुणाचे नातू आहेत, आता काय गातात, असं विचारत. याच जैराजभॉयांच्या पुढाकाराने लोकसंगीत-शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रणांचं एक मोठं संग्रहालय 1982 साली पुण्यात सुरू झालं होतं, पुढे ते दिल्लीला आणि मग गुरगावला गेलं. गुंटूरला नाहीतर तिपटूरला जाण्याइतकं बळ माझ्यात नाही. ट्रकच्या नंबरावरून चाळीस वर्षांपूर्वीचा ड्रायव्हर शोधायला कुठल्या खिडकीवर उभं राहायचं, तेही मला कळलं नाही. पण आंबेमोहोर पलीकडेच होता.

मार्केट यार्डात हमाल भवनाच्या आवारात दुपारी निवृत्त हमाल बसलेले असतात. टोपी, काठी, तंबाखू; खांदे रुंद आणि गुडघे गेलेले. मी भाऊंच्या पेढीचं नाव सांगितलं तेव्हा दोघांना भाऊ आठवले. "ते बोलत नसायचे तेच ना?" एक जण म्हणाला. मी मोबाइलवर भजन लावलं. सगळे पुढे झुकले. पहिल्या ओळीला कुणी काही बोललं नाही. ओळ संपली, गाणाऱ्याने श्वास घेतला, यार्ड वर आलं, आणि लांबून कुणीतरी ओरडलं, "ए, थप्पी ढासळंल, सरक की!"

एकदम तिघे हसले. ती हाक कुणाची यावर जुंपली. एक म्हणत होता तो टोळीचा मुकादम, दुसरा म्हणत होता मुकादम असा ओरडायचा नाही, शिवी दिल्याशिवाय त्याचं वाक्यच सुरू होत नव्हतं. मी पुन्हा लावलं. पुन्हा. गाणं ते ऐकतच नव्हते, श्वासांच्या फटी ऐकत होते. शेवटी हाक मारणारा ठरला. मग त्याच्या टोळीत कोण कोण होतं, त्या वर्षी कुणाचं बोट चाकात गेलं होतं, भजनाला टाळ कुणाकडे असायचा, असं उलटं उलटं जात सगळ्यांत थकलेले नाना म्हणाले, "मग गाणारा तो वेल्ह्याचा. आमच्या गाळ्यावरचा. दुसरा कोण?"

त्यांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं. नाव मी इथे लिहीत नाही. त्याच्या घरच्यांना अजून विचारलेलं नाही. माणूस वारला आहे, बायको आहे, मुलगा शेती करतो. वेल्हे तालुक्याचं नाव सरकारदरबारी आता राजगड झालंय, नानांच्या लेखी ते वेल्हंच. मी म्हटलं, याच रविवारी जाते, स्वारगेटहून गाडी मिळेल.

"आत्ता नका जाऊ, ताई," नाना म्हणाले. "भाताची लावणी चाललीय, समदी खाचरात. म्हातारीसुद्धा घरी गावायची नाही. नागपंचमी होऊ द्या. आन् ते मशीन मोठं न्या जरा, ह्या मोबाइलवर तिला काय ऐकू यायचं नाही."